दुसऱ्या महायुद्धाची कलाटणी आणि मराठी पलटणी

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दोनच दिवसांनी ब्रिटन व फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. भारतातल्या एकाही लोकनियुक्त प्रतिनिधीला त्यांनी विचारले नव्हते. याचा निषेध म्हणून प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतातले बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळही नोव्हेंबरात पायउतार झाले. पुढची सहा वर्षे युरोप, आफ्रिका, आशिया आणि महासागरांवर हे युद्ध चालले. त्यात सहा कोटींच्या आसपास माणसे मेली असावीत, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

या युद्धाला कलाटणी देणाऱ्या लढाया म्हणून पाठ्यपुस्तकांत स्टालिनग्राड, एल अलामेन, मिडवे आणि नॉर्मंडी ही नावे येतात. ती योग्यच आहेत. पण केरेन, सांगशाक आणि सेनियो या नावांशिवाय युद्धाचा नकाशा पुरा होत नाही. या तिन्ही ठिकाणी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावांतून गेलेले शिपाई लढले.

भरती आणि पलटणी

१९३९ मध्ये भारतीय लष्करात सुमारे दोन लाख माणसे होती. १९४५ पर्यंत ही संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली. सक्तीची भरती नसताना उभे राहिलेले हे त्या काळातले जगातले सर्वांत मोठे सैन्य होते. सक्ती नव्हती म्हणून सगळे साम्राज्याच्या प्रेमापोटी गेले, असे मात्र नव्हे. कोरडवाहू शेती, कर्ज, घरातली खाती तोंडे, दरमहा येणारी मनीऑर्डर, निवृत्तीनंतरचे पेन्शन आणि घराण्यातली शिपाईगिरीची परंपरा अशी अनेक कारणे त्यामागे होती. सातारा, पुणे, अहमदनगर, रत्नागिरी आणि कुलाबा हे जिल्हे मराठी भरतीचे जुने पट्टे होते.

मराठी शिपायांची मुख्य पलटण ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’. तिच्या सर्वांत जुन्या बटालियनचा इतिहास १७६८ पर्यंत मागे जातो, आणि १९२२ पासून तिचे केंद्र बेळगावात आहे. पहिली बटालियन ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही या रेजिमेंटची युद्धघोषणा. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्यांकडे पूल बांधणे आणि सुरुंग काढणे ही कामे होती. याच सॅपर्सबरोबर काम करणारे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या आरंभी अबिसीनियाच्या सीमेवर सलग चार दिवस सुरुंग काढत रस्ता मोकळा केला आणि या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.

पहिल्या महायुद्धानंतर सैन्यात महारांची भरती बंद झाली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केली, त्यांच्यासाठी बंद झालेले दार या युद्धाने पुन्हा उघडले.

केरेन : तांबड्या समुद्राची वाट

जून १९४० मध्ये फ्रान्स पडले आणि इटली जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली. एरिट्रिया, अबिसीनिया आणि सोमालियाचा मोठा भाग इटलीच्या ताब्यात होता. त्यामुळे सुएझ कालव्याकडे तांबड्या समुद्रातून जाणारी दोस्तांची जहाजे धोक्यात आली. इजिप्तमधल्या ब्रिटिश सैन्याची रसद याच वाटेने येत होती. ही वाट मोकळी करायची, तर एरिट्रियातून इटालियनांना हुसकावणे भाग होते.

त्यासाठी चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन सुदानमधून पुढे सरकली. फेब्रुवारी १९४१ च्या सुरुवातीला ही आगेकूच एरिट्रियातल्या केरेनसमोर येऊन थांबली. तळच्या मैदानातून वरच्या पठाराकडे जाणारा रस्ता इथे एका अरुंद खिंडीतून जातो आणि दोन्ही बाजूंना उघडे, खडकाळ कडे उभे आहेत. नाणेघाटाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहावे, आणि वरच्या प्रत्येक सुळक्यावर शत्रूच्या मशीनगन असाव्यात, तशी ती जागा होती. इटालियन सैन्याने खिंडीतला रस्ता सुरुंगांनी उडवून बंद केला होता. पाणी आणि दारूगोळा पाठीवर घेऊन उन्हात डोंगर चढावा लागे. फेब्रुवारीतले हल्ले परतवले गेले.

निर्णायक हल्ला १५ मार्चला सुरू झाला. खिंडीच्या एका बाजूला मराठ्यांची दुसरी बटालियन ‘फ्लॅट टॉप’ या टेकडीवर चढली. दुसऱ्या बाजूला डोलोगोरोडोकचा किल्ला होता. त्याच्याकडे जाणाऱ्या सोंडेवरचा ‘पिनॅकल’ हा सुळका घेण्याचे काम तिसऱ्या बटालियनवर आले. त्याच दिवशी सकाळी एका ब्रिटिश बटालियनचा हल्ला या भागात अडकून पडला होता. संध्याकाळी तोफांच्या माऱ्याच्या आडोशाने मराठे सरळ कड्याला भिडले आणि अंधार पडल्यावर त्यांनी सुळका घेतला. रात्रीच शेजारची टेकडी पडली आणि १६ मार्चच्या पहाटे किल्लाही हाती आला. किल्ला हाती आल्यामुळे खिंडीतला रस्ता साफ करणाऱ्या सॅपर्सना संरक्षण मिळाले. २७ मार्चला केरेन पडले, १ एप्रिलला अस्मारा आणि ८ एप्रिलला मसावा बंदर.

केरेनसमोर दोस्तांच्या बाजूचे सुमारे पाचशे जण ठार आणि तीन हजारांहून अधिक जखमी झाले. लढाईचा परिणाम लगेच दिसला. ११ एप्रिल १९४१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तांबडा समुद्र हे आता युद्धक्षेत्र राहिले नसल्याचे जाहीर केले. अमेरिका तेव्हा तटस्थ होती. तिच्या मालवाहू जहाजांना युद्धक्षेत्रात शिरायला तिथल्या कायद्याने मनाई होती. ती मनाई आता उठली. पुढे एल अलामेनला वापरलेली बरीचशी सामग्री याच समुद्रमार्गाने इजिप्तला पोहोचली.

१९४२ : पडझड आणि वळण

डिसेंबर १९४१ पर्यंत युद्ध मुख्यतः युरोप, उत्तर आफ्रिका आणि चीनपुरते होते. ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि युद्ध खऱ्या अर्थाने जागतिक झाले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. तिथे शरण गेलेल्यांत हजारो भारतीय सैनिक होते आणि त्यांच्यातूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. मार्चमध्ये रंगून गेले. त्याबरोबर ब्रह्मदेशातून भारतात येणारा तांदूळही थांबला.

२१ जून १९४२ रोजी लिबियातले टोब्रुक बंदर जर्मन सेनापती रोमेलच्या हाती पडले. सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. केरेनला लढलेली मराठ्यांची दुसरी बटालियन टोब्रुकच्या संरक्षणात होती. ती जवळजवळ सगळी या पराभवात युद्धकैदी झाली. एकाच पलटणीने सव्वा वर्षात विजय आणि कैद दोन्ही पाहिले.

पण त्याच वर्षी युद्ध फिरले. जूनच्या पहिल्या आठवड्यात मिडवे बेटाजवळ जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली आणि पॅसिफिकमधली त्याची आगेकूच थांबली. २३ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर या काळात एल अलामेन इथे रोमेलचा पराभव झाला. मे १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मन आणि इटालियन सैन्याने शरणागती पत्करली, आणि आफ्रिकेतले युद्ध संपले. या तिन्हींपेक्षा मोठी लढाई स्टालिनग्राडची होती. २ फेब्रुवारी १९४३ रोजी तिथे जर्मनीच्या सहाव्या सैन्याचे अखेरचे सैनिक शरण गेले. त्यानंतर रशियाच्या आघाडीवर जर्मनीला १९४२ सारखी मोठी मुसंडी पुन्हा मारता आली नाही.

देशातला दुसरा लढा

मराठी शिपाई परदेशी लढत असताना त्याच्याच मुलखात ब्रिटिश सत्तेविरुद्धचा लढा पेटला होता. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव मंजूर झाला. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणि नेहरूंसह काँग्रेस कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. ज्या जिल्ह्यातून मोठ्या संख्येने शिपाई सैन्यात गेले, तोच जिल्हा सरकारला जड गेला.

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचे रान आहे आणि कड्याखाली मुरबाडच्या बाजूला सिद्धगड. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी ‘आझाद दस्ता’ उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. युद्धसामग्रीच्या कारखान्यांची वीज तोडणे हा त्यामागचा हेतू होता. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला घेरले आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले.

युद्ध घराघरांत आले ते टंचाईच्या रूपाने. धान्य, रॉकेल, साखर, कापड महागले. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये पडलेल्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसे गेली. रंगूनचा तांदूळ थांबणे, साठेबाजी, चलनवाढ आणि सरकारची चुकीची धोरणे या सगळ्यांचा तो परिणाम होता.

याच काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी वसली. सोव्हिएत रशियाने सैबेरियात हद्दपार केलेली ही कुटुंबे इराणमार्गे भारतात आली होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. १९४३ ते १९४८ या काळात त्यांनी तिथे शाळा, चर्च आणि नाटके चालवली.

मुंबईने युद्ध सर्वांत भीषण रूपात पाहिले ते १४ एप्रिल १९४४ रोजी. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही भरल्या होत्या. दुपारी कापसाला आग लागली. अग्निशमन दलाचे जवान पाणी मारत असतानाच चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. गोदीतली जहाजे आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. मृतांचा आकडा आठशे ते तेराशे असा वेगवेगळा दिला जातो. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण होते. १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

सांगशाक : आठवड्याचे मोल

मार्च १९४४ मध्ये जपानच्या पंधराव्या सैन्याने चिंदविन नदी ओलांडून भारतावर चढाई केली. इंफाळ घ्यायचे, कोहिमा घेऊन इंफाळचा रस्ता तोडायचा, आणि पुढच्या दिमापूरच्या रेल्वेस्थानकावरची रसद बळकावायची, असा तो बेत होता. वेळ हा त्याचा गाभा होता. जपानी सैनिकांजवळ जेमतेम तीन आठवड्यांचे अन्न होते. त्यापुढे दोस्तांचे साठे हाती लागतील, असे त्यांनी धरले होते.

कोहिमाकडे निघालेल्या ३१ व्या जपानी डिव्हिजनच्या वाटेवर, मणिपूरच्या डोंगरात सांगशाक नावाचे नागा गाव आहे. तिथे पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्याबरोबर मराठ्यांची चौथी बटालियन. २२ ते २६ मार्च या काळात या तुकड्यांनी गावाच्या टेकडीवर वेढा सोसला. खडक इतका कठीण की तीन फुटांखाली खणता येईना. काटेरी तार नव्हती, पाणी अगदी थोडे होते. विमानांतून टाकलेल्या सामानाचा बराच भाग शत्रूच्या हद्दीत पडत होता. मेलेली खेचरे आणि माणसे त्याच टेकडीवर पडून होती, कारण पुरायला जागा नव्हती. टेकडीच्या माथ्यावरचे चर्च एका दिवसात हातून गेले आणि परत घेतले गेले. २६ मार्चच्या रात्री उरलेल्यांना इंफाळकडे निसटण्याचा आदेश मिळाला. ब्रिगेडचे शेकडो सैनिक ठार किंवा जखमी झाले होते.

वरवर पाहता ही माघार होती. पण बाहेरच्या ठाण्यांवरची आधीची झुंज धरता जपान्यांचा जवळजवळ आठवडा इथे गेला. एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ मिळालेल्या कागदपत्रांतून शत्रूचा बेत इंफाळला कळला. या आठवड्यात पाचवी भारतीय डिव्हिजन आराकानहून विमानांनी इंफाळ आणि दिमापूरच्या आघाड्यांवर आणली जात होती. एप्रिलच्या सुरुवातीला जपानी कोहिमासमोर आले, तेव्हा तिथले मूठभर सैनिक तयारीत होते. कोहिमा तगले, इंफाळ तगले आणि पावसाळा सुरू झाला. जुलैमध्ये जपानने माघारीचा आदेश दिला, तोवर त्यांचे निम्म्याहून अधिक सैन्य लढाईत, उपासमारीत आणि आजारांत संपले होते. तोपर्यंतच्या इतिहासातला जपानी सैन्याचा जमिनीवरचा हा सर्वांत मोठा पराभव होता. ३ मे १९४५ रोजी रंगून परत मिळाले.

इटली : टायबर ते सेनियो

सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्तांनी इटलीच्या मुख्य भूमीवर पाय ठेवला. इटली शरण गेली, पण जर्मन सैन्य तिथे ठाण मांडून राहिले. डोंगरांची रांग, मग नदी, पुन्हा डोंगर, असे ते युद्ध होते. मे १९४४ मध्ये कॅसिनोची फळी फुटली आणि ४ जूनला रोम मुक्त झाले. दोनच दिवसांनी दोस्त नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. जगाचे लक्ष तिकडे वळले, तरी इटलीतल्या लढाईने जर्मनीच्या वीस-पंचवीस डिव्हिजन तिथेच गुंतवून ठेवल्या होत्या. पन्नास हजारांवर भारतीय सैनिक या मोहिमेत होते. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांना मिळाले आणि त्यांतले दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे.

पहिले नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातील पळसगावचे, तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधले इतर सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. काडतुसे भरायला वेळ नव्हता. तेव्हा नळीकडून बंदूक धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा प्राण गेला. वय अवघे २२ वर्षांचे होते. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे, जंगी पलटणीचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतला शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. सेनियो नदी रुंद नव्हती, पण तिच्या दोन्ही काठांवर पुराला अडवणारे उंच बांध होते आणि जर्मनांनी ते बांध आतून पोखरून मोर्चे केले होते. जाधव कंपनीचे निरोप्या होते. पलीकडच्या बांधावर त्यांची छोटी तुकडी जवळजवळ संपली. जाधवांनी दोन जखमी साथीदारांना मशीनगनच्या माऱ्यातून, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाळीपाळीने सुरक्षित जागी आणले. मग ते एकटे परत गेले. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून त्यांनी हातबॉम्ब वापरले आणि तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. शेवटी बांधावर उघडे उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावले. पलटण नदीपार झाली. २ मे रोजी इटलीतले आणि ८ मे रोजी युरोपातले युद्ध संपले. जाधव वाचले; १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

शेवट आणि हिशेब

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. २ सप्टेंबरला जपानने शरणागतीवर सही केली. या युद्धात सुमारे ८७ हजार भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. ब्रिटन जिंकले, पण कर्जबाजारी आणि दुबळे होऊन. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला. लष्कराच्या निष्ठेवर साम्राज्य चालवता येणार नाही, हे तेव्हा लंडनला कळून चुकले. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला.

स्वतंत्र भारतात या शिपायांची आठवण मागे पडली, कारण ते परक्या राजासाठी लढले असा समज राहिला. हा समज अपुरा आहे. युद्ध परक्या सरकारने पुकारले हे खरे, पण फॅसिझम आणि जपानी लष्करशाही या संकटांना थोपवण्यात या माणसांचा वाटा प्रत्यक्ष होता, आणि सांगशाक तर भारताच्याच भूमीवर लढले गेले. भाई कोतवाल आणि नामदेव जाधव या दोघांचाही मान एकाच इतिहासात राहू शकतो.

हा इतिहास अजून घरांत शिल्लक आहे. राजुरी, बेल्हे, आळे, ओतूर, मंचर, घोडेगाव अशा जुन्नर-आंबेगावच्या गावांत ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या काळी पलटणीत होते, त्यांनी पेटीतली पदके काढून नीट पाहावीत. सहा टोकांचा पितळी तारा असेल, तर त्यावर त्या ताऱ्याचे नाव इंग्रजीत कोरलेले असते. आफ्रिका स्टार असेल तर तो शिपाई बहुधा उत्तर आफ्रिकेत किंवा केरेनच्या बाजूला गेला होता, बर्मा स्टार असेल तर ब्रह्मदेश-मणिपूरकडे, इटली स्टार असेल तर बहुधा टायबर-सेनियोच्या आघाडीवर किंवा त्या मोहिमेच्या समुद्रात. भारतीय सैनिकांच्या पदकांवर बहुधा शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ताऱ्याच्या मागच्या बाजूला आणि गोल पदकाच्या कडेवर ती शोधावी. पदके घासून उजळू नयेत, कारण त्याने अक्षरे झिजतात. नंबर आणि पलटण मिळाली, की बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या किंवा संबंधित रेजिमेंटच्या केंद्राकडे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे चौकशी करता येते. पदके, पेन्शनची पुस्तके आणि जुनी पत्रे मोडीत किंवा रद्दीत जाण्याआधी त्यांची छायाचित्रे घेऊन गावच्या शाळेत किंवा ग्रंथालयात नोंद ठेवावी.